मोहाखालचं लुगडं

माहं माहेर मार्कंड्याकडलं, नदीकाठचं, तिथी धान आन् मासे, जंगलाचं मले काई माहीत नव्हतं. लग्न होऊन इकडं सिंदेवाहीच्या बाजूले आली आन् सासूनं पयल्याच उन्हाळ्यात मोहाच्या झाडाखाली आग लावाले शिकवली. पाला जळला का भुई साफ होते, फुलं दिसतात, वेचाले सोपं जाते. सारं गाव तेच करे, आमीबी केलं.

टेकडीवर आमचा मोह आन् खाली आमची धानाची बांधी, तेवढंच एक वावर. काय सांगू भाऊ तुम्हाले, पाणी पडलं का टेकडीचा मुरूम वाहून बांधीत येऊन बसे, आमी उपसू, तो पुन्हा येई. माहे घरवाले, पोरायचे बाप, थकले. म्हनले, ह्या बांधीत आता राम नाई, तेलंगणात मिरची तोडाले जाऊ आन् तिथीच राहू. पोरायची शाळा सुटन, मी म्हनली. तं म्हने, पोट पयले का शाळा?

त्या साली ऐन मोहाच्या वक्ताले सासू गेली. घरात सुतक, जंगलात कोन जाते? आमच्या मोहाखाली आग लागलीच नाई. पावसाळ्यात पाहतो तं टेकडीवर कुडा, धायटी, तरोटा, गवत, सारं उठून आलेलं, आन् बांधीत मुरूम थोडकाच. बाजूले जावेच्या मोहाखाली सासू जायाच्या आधीच आग लावून झाली होती, तिच्या बांधीत मातर नेहमीसारखाच ढीग. मी वर गेली तं खाली पाला सडून राह्यला, पाय नरम मातीत रुतला, गांडुळं निंगाली. पाऊस आधी झुडपावर पडते, मंग पाल्यावर, मंग हळूच मातीत जाते, मुरूम वाहून येईन कसा?

पुढच्या उन्हाळ्यात मी म्हनली, आग नाई. घरवाले म्हनले, मंग पाल्यात फुलं शोधत बसशीन का? मी सासूची जुनी लुगडी एकाले एक शिवली आन् मोहाखाली आथरली. फुलं वरच्यावर लुगड्यात. गाव हासे. जाऊ तं म्हने, झाडाले लुगडं घेतलं बाई, आता ओटीबी भर. मी म्हनली, भरीन, बांधी वाचू दे.

मिरचीले आमी आताबी जातो, खोटं काऊन बोलू, पन तोडून वापस येतो. बांधी पिकते. पोरं शाळेत हायेत. आन् एक गोष्ट, एवढ्या सालात मोहाचं पिल्लू मी कधी पाह्यलं नव्हतं, आग सारं खाऊन जाये. आता झुडपायच्या सावलीत गुडघ्याएवढे मोह उभे हायेत. त्यायची फुलं मी काई वेचत नाई आता, नाती वेचतीन, सुखानं वेचोत.

यंदा जाऊ आली, काखेत तिचं जुनं लुगडं. कसं शिवलं तं सांग, म्हने. पदरात तांदूळ आन् नारळबी होता. आमी दोघीनं मोहाची ओटी भरली.