भोरखडीचा भ्यालेला पाळक

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा राहिलोय. भिऊन पळालेल्या माणसाला देवाच्या कामावर परत येता येतं का? थांबा, घाईनं माना हलवू नका! "देव दयाळू आहे, येता येतं" — हे तुम्ही म्हणणार, मला ठाऊक आहे. पण ज्यांना टाकून तो पळाला, त्यांचं काय? त्यांना कुणी विचारलंय का?

सुखाच्या अंगणी । सोयऱ्यांची दाटी ।
दुखण्याच्या वाटी । कोण चाले ॥

पेटीवाले, जरा खालच्या पट्टीत घ्या. आजची गोष्ट वरच्या पट्टीतली नाही.

नगरच्या उत्तरेला भोरखडी नावाचं गाव. आपल्या ख्रिस्ती मंडळींची तीस-पस्तीस घरं, मातीचं देऊळ, आणि पाळक होते हनोखराव भिंगारदिवे. भला माणूस! आवाज गोड, अक्षर मोत्यासारखं. लग्न लावावं तर हनोखरावांनी, भांडण मिटवावं तर हनोखरावांनी. आणि देवळाची घंटा वाजवायला भागाजी. पाळकबाबांवर त्याचा एवढा जीव, की त्यांचं पायताण उन्हात दिसलं तर सावलीत नेऊन ठेवायचा.

मग एका उन्हाळ्यात गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ शिरली. सकाळी माणूस औत हाकतोय, संध्याकाळी त्याला खांदा! चार दिवसांत सात माणसं गेली. पाचव्या दिवशी हनोखरावांनी गाडी जुंपली. लोकांना म्हणाले, "नगरला सभा आहे. जाऊन येतो."

गाडीत बायको, गाद्या, भांडी, आणि वर कोंबड्यांचं डालगं! मंडळी, सभेला कुणी कोंबड्या नेतं का हो?

हसलात? हसा. भोरखडीत कुणी हसलं नाही.

त्याच दुपारी भागाजीला ढाळ-वांत्या सुरू झाल्या. त्याची बायको सारजाबाई धावत पाळकांच्या दारी गेली. दाराला कुलूप! परत आली. भागाजी विचारतोय, "पाळकबाबा आले का?" ती म्हणाली, "येत्यात." घटकाभरानं परत, "आले का?" "येत्यात." चार वेळा विचारलं, मंडळी. पाचव्यांदा विचारायला तो राहिला नाही. पुरुष प्रेताला हात लावायला तयार होईनात. तेव्हा सारजाबाईनं आणि तीन बायांनी त्याला उचललं, खड्डा खणला, माती लोटली. वर ना वचन, ना प्रार्थना.

बावीस दिवसांनी हनोखराव परतले. रविवारी उपदेशाला उभे राहिले. पहिल्या ओळीत सारजाबाई, पांढऱ्या कपाळानं. ती उठली आणि तिनं शांतपणे विचारलं, "पाळकबाबा, सभा बरी झाली का?"

हनोखरावांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "गीत गाऊ या." गीत गायलं कुणी? एकट्या पाळकांनी!

त्यांना कुणी काढलं नाही. शिवी दिली नाही. पण आजाऱ्याच्या घरून बोलावणं येईना. वाटेत भेटले तर लोक "सलाम" म्हणत आणि खाली बघत. घरी हनोखराव ताटावर बसत, दोन घास खाऊन उठत. बायको सगुणाबाई विचारी, "काय झालं?" ते म्हणत, "काही नाही." दोन वर्षं असंच "काही नाही"!

आणि मग आला प्लेग.

घराघरांत उंदीर मरून पडले. सरकारी हुकूम झाला — गाव खाली करा! लोक माळावर झोपड्या घालून राहिले. ज्याच्या जांघेत किंवा काखेत गाठ आली त्याला ओढ्यापलीकडच्या छपरात नेत. नेत म्हणजे काय? दारात ठेवत आणि पळत! पोरगं बापाला ठेवून पळे, भाऊ भावाला. मंडळी, त्यांना नावं ठेवू नका. तुम्ही-आम्ही तरी काय केलं असतं?

हनोखराव झोपडीच्या दारात बसून त्या छपराकडं बघत होते. सगुणाबाई म्हणाली, "मागल्या वेळी मीच म्हटलं, इथनं चला. औंदा मी काही म्हणणार नाही."

ते उठले. ओढा ओलांडला. आत पाय टाकला, आणि त्या वासानं बाहेर येऊन ओकले! हा काही शूर माणूस नव्हे, मंडळी. तोंड धुतलं आणि परत आत गेले.

अकरा रोगी होते. वाणी होता, कुणबी होता, मांग होता; एका ओळीत निजलेले. हनोखरावांनी पेज शिजवली, पाणी पाजलं, घाण काढली, मेलेल्यांना उचललं. रोज सकाळी उठून आधी स्वतःची काख चाचपायची, गाठ आहे का? नाही. मग कामाला लागायचं. एक दिवस असा गेला नाही की त्यांना भीती वाटली नाही.

एकोणिसाव्या दिवशी दारात कुणाला आणून ठेवलं? सारजाबाईला!

अंग तव्यासारखं तापलेलं. हनोखरावांनी पाण्याचा पेला पुढं केला. तिनं तोंड फिरवलं. "तुमच्या हातचं न्हाई पेणार."

दुपार झाली. ओठ फुटले, तरी तोंड उघडीना. शेवटी हनोखराव तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि म्हणाले, "सारजाबाई, सभा नव्हती. मी भ्यालो. मी पळालो."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "समद्या गावाला ठावं हाय. तुमच्या तोंडानं कवा बोलताय, तेवढीच वाट बघत हुते." मग तिनं विचारलं, "आन् आता? आता न्हाई भ्या वाटत?"

"वाटतं. हे बघा." त्यांनी पेला धरला. हात असा कापला की अर्धं पाणी त्यांच्याच धोतरावर सांडलं.

तिनं त्या हाताकडं बघितलं. किती तरी वेळ बघितलं. मग कशीबशी कोपरावर उठली आणि उरलेलं पाणी प्याली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा श्वास अडकायला लागला. हनोखराव प्रार्थनेला गुडघ्यांवर आले. तिनं हात हलवला. "माझ्यासाठी नगं. त्येंच्यासाठी म्हना. त्येंची ऱ्हायलीया."

आणि मंडळी, दोन वर्षांपूर्वी पुरलेल्या भागाजीच्या दफनाची प्रार्थना हनोखरावांनी त्या छपरात, घाणीत गुडघे टेकून म्हटली. पहिल्या शब्दापासून "आमेन"पर्यंत. "आमेन" ती म्हणाली की नाही, त्यांना ऐकू आलं नाही. वर बघितलं तेव्हा ती गेली होती.

तिनं माफ केलं का? तुम्हाला वाटतं, मी "हो" म्हणावं. नाही म्हणणार! ती तसं बोलली नाही, आणि मेलेल्या बाईच्या तोंडी मी शब्द घालणार नाही. हनोखरावांनाही ते कधी कळलं नाही. प्लेग ओसरला, त्यांना गाठ आली नाही, पुढं सत्तावीस वर्षं जगले. त्या न कळण्याचं ओझं घेऊन जगले. पण गावात कुणी आजारी पडलं, की न बोलावता पहिले दारात तेच.

आता तुमच्याकडं वळतो. तुम्ही म्हणाल, "बुवा, आम्हाला भीती वाटते." वाटू द्या की! भीती जायची वाट बघत बसाल, तर तोवर माणूस जाईल. कापत जा, ओकत जा, पण जा!

वरच्या आळीत हरणाबाईच्या घरी आठ दिवस ताप आहे. इथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. आठ दिवसांत तिच्या उंबऱ्याच्या आत कोण गेलंय? बोला ना! खाली काय बघता?

आज आरती नाही, आशीर्वाद नाही. मी टाळ खाली ठेवतोय आणि तिकडं निघालोय. मलाही भीती वाटतेय, मंडळी. कुणीतरी सोबत चला.