बिनडोक्याचा मासा

पालघरच्या स्टँडवर सातपाटीच्या एसटीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर दीर-भावजय बसली होती.

“वामनभावजी, मुंबईच्या लायब्ररीत काय झालं ते तरी सांगा.”

“तिथं कम्प्युटर हाय, वयनी. माशांच्या विषावर जगभरच्या डॉक्टरांनी लिवलेलं सगळं त्यात हाय.”

“मग आणलं का नाय? तो मासा लागल्यापासून ह्यांचा हात तीन महिने सुजलेला हाय.”

“माशाचं शास्त्रातलं नाव घातल्याबिगर तो काय दाखवत नाय. आपल्या गावचं नाव त्याला चालत नाय.”

“म्हणून तर तोच मासा सुकवून दिला होता तुमाला.”

“दिलास. तिथल्या बाईंनी पुस्तक काढलं, मासा चित्राशेजारी ठेवला. मला विचारतात, डोकं कुठं? पाठीवरचे काटे कुठं? त्यावरूनच तर ओळखायचा.”

“सुकवायचा मासा साफ करूनच वाळत घालतो आपण. जन्मभर तेच केलं.”

“दादाच्या डॉक्टरांनी अख्खा मासा न्यायला सांगितला होता. दादाला लागला तो काटाच तू फेकून दिलास.”

“फेकला नाय, चुलीत जाळला. घरात आणखी कोणाच्या हातात घुसला असता तर?”