टायसनसमोर अली

काळेवाडीतल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे मैत्री आईला घेऊन बसली होती. शेजारच्या बाकावर दोन म्हाताऱ्यांची बॉक्सिंगवरून जुंपली होती.

“टायसनपुढं अली दोन राउंड टिकला नसता, खंडू.”

“न्हाई राव. दोरीला टेकून मार खाल्ला असता त्यानं. समोरचा दमला, की मग दावला असता हिसका. त्या चँपियन फोरमनला तसाच लोळवला की.”

“आणि पुढं हात किती थरथरायचे त्याचे?”

“ते आजारपणानं.”

“हं. चहा घे, गार होतोय.”

“तूच पाज, मालोजी. माज्या हातनं सांडतोय.”

मालोजींनी डाव्या हातानं कप त्याच्या ओठांना लावला.

“टायसनचा ठोसा जड, मालोजी, कबूल. पण देहूरोडच्या फायनलला मला ज्यानं पाडला ना, त्याचा त्याहून जड. डावखुरा गडी हुता. कानावर असा बसला, अजून घुमतंय.”

“किती जुनं काढतोस.”

“नाव काय रं त्याचं? तू हुतास न्हवं तितं?”

“होतो.”

“मग सांग की.”

“नाही आठवत.”

“तुला बी न्हाई? एकदा भेटाया पायजे राव. त्याचा त्यो हात हातात घिऊन बघायचाय मला.”

“चहा संपव आधी.”

मालोजींनी डावा हात खिशात घातला आणि कप उजव्या हातात घेतला. ओठांपर्यंत जाईतो चहा खंडूच्या सदऱ्यावर सांडला.

“अरारा! मालोजी, तुजा बी हात हलाया लागला का रं?”