मागितलं ते आलं!

नाही पण, मागितलं ते आलं, यात रडायचं काय, असं तुम्ही म्हणाल... म्हणा! तुमचं काय जातंय? तुमच्या दारात सकाळी सकाळी रेतीचे डंपर, गिट्टीचे डंपर आणि सरियाचा, लोखंडी सळ्यांचा, हा लांबलचक ट्रक, सगळे एकदम येऊन उभे राहिलेत का कधी? तेही विजय नगरच्या मागच्या गल्लीत! आणि तेही ऐन स्लॅबच्या दिवशी!

तुम्हाला सांगतो, उभा जन्म साइटवर काढलाय मी, आणि आमच्या धंद्याची एक रीत आहे. मागायचं दुप्पट! का? तर सांवेर रोडच्या गोदामात आमचे मालोजी बसतात, ते कापतात. "भिया, आत्ता निम्मं घ्या, बाकीचं देखते हैं!" म्हणजे मी दुप्पट मागणार, ते निम्मं देणार, आणि लागतं तेवढं बरोबर पोहोचणार! काय सुंदर व्यवस्था! वर लिहायचं 'अर्जंट'. अर्जंट म्हणजे आठवड्याभरात कधीतरी, हे त्यांना ठाऊक, मला ठाऊक, कुणाचा गैरसमज नाही, कुणाला राग नाही...

आणि मग आली शलाका. मालकांची पोरगी, इंजिनिअर. म्हणाली, "काका, आता सगळ्या साइट्सचा माल वेबवर! कुणाकडे काय आहे ते सगळ्यांना दिसणार. लागतं तेवढंच टाका हं, गाडी डायरेक्ट निघते." मी म्हटलं, हो बेटा, हो. आणि मोबाइलवर पुढच्या मजल्याचा माल टाकला... दुप्पट! सगळ्यावर अर्जंट! अहो, सवय! बोट आपोआप गेलं! मालोजी असते तर समजले असते ना? पण मालोजी आता नुसते गाड्या भरतात, आणि ते वेब... त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला हो! घरच्यांनी कधी ठेवला नाही इतका ठेवला! मागितलं ते आलं!

आता गल्ली ठेचून भरलेली, आणि बाहेर रस्त्यावर काँक्रीटच्या मिक्सरची गाडी घरघरतेय. आत यायला जागा नाही. काँक्रीट काय माझ्यासाठी थांबणार? ड्रममध्येच दगड होणार, आणि माझा स्लॅब गेला! वर मजूर फावडी घेऊन उभे, खाली ड्रायव्हर ओरडतोय, "भिया, माल जम जाएगा, फिर मत बोलना!" खरं सांगतो, रडायचाच बाकी होतो.

तेवढ्यात फोन. पंचशील! निपानियाच्या साइटवरचा सुपरवायझर. कंपनी एकच, पण आमचं विळ्याभोपळ्याचं. त्यानं कधी माल मागितला की माझं ठरलेलं उत्तर, "नाही रे, माझ्याकडेच बोंब आहे!" आणि मागे ताडपत्रीखाली ढीग! आता म्हणतो कसा, "लक्ष्मीकांतजी, स्क्रीनवर तुमच्याकडं जास्तीचा माल दिसतोय. माझे लोक कालपासून मालाशिवाय खाली बैठे हैं. पाठवता का?" बोंब आहे म्हणायची सोयच ठेवली नाही हो पोरीनं!

म्हटलं, "पंचशील, राजा, घे! सगळं घे! आत्ता घे!" त्यानं तिकडून बटण दाबलं, इकडे ड्रायव्हरांचे मोबाइल वाजले, आणि एकेक डंपर मागे मागे, आने दो आने दो करत निघाला... मिक्सर आत आला, आणि दिवस मावळायच्या आत स्लॅब भरून झाला! तिकडे पंचशीलचं कामही उभं राहिलं. त्याचा पुन्हा फोन, "थँक यू, भिया." इतक्या वर्षांत पहिल्यांदा! बरं वाटलं. फार बरं वाटलं.

तेव्हापासून मी खरं तेवढंच टाकतो. बाकीचेही टाकतात. गाड्या वेळेवर, गल्ली मोकळी, शलाका खूश... आणि परवा विटा कमी पडल्या! मालोजींना लावायला फोन उचलला, इतक्या वर्षांच्या कमावलेल्या शिव्या तोंडात तयार... आणि लक्षात आलं, मागितलं ते आलं! कमी मागितल्या होत्या त्या मीच! आता तुम्हीच सांगा, एवढ्या शिव्या घेऊन माणसानं जायचं कुठे?