बुधाजीच्या बोटीवरचा लॅपटॉप

...अहो, हसताय काय! तुम्हाला सांगतो, मेव्हण्याला काय वाट्टेल ते द्यावं, किडनी मागितली तर किडनी द्यावी, पण जुना लॅपटॉप देऊ नये! मी दिला. आमची कौसल्या म्हणाली, "पडलाय नुसता धूळ खात, आमच्या बुधाजीला द्या ना, खलाशांना पिक्चर बघायला होईल." हा बुधाजी शीव कोळीवाड्याचा, भाऊच्या धक्क्यावर स्वतःची मच्छीची बोट. खलाशी बिचारे आठवडा-आठवडा समुद्रात, नेटवर्क नाही, काही नाही... म्हटलं, पुण्य लागेल. लागलं! तेव्हापासून मी भोईवाड्यात जरा रविवारचं मटण ताटात घेतलं की फोन वाजलाच, "भावोजी, त्यो गेला वाटतं!"

जाईल नाहीतर काय? खारी हवा ती! बॅटरी केव्हाच वारली, म्हणून इंजिनच्या बॅटरीवरून वायर ओढली. झाकण लटकायला लागलं, ते जाळ्याच्या दोरीने बांधलं. एंटरचं बटण उडालं, तिथे स्लिपरचा तुकडा चिकटवला. ओल लागू नये म्हणून रात्री झोपायला तांदळाच्या डब्यात! आणि मला, तुम्हाला सांगतो, बोट लागते. धक्क्याला बांधलेली बोटसुद्धा लागते! एका हातात स्क्रूड्रायव्हर, दुसऱ्या हातात लिंबू, अशी मी याची सेवा केलेली आहे.

तर यंदाची नारळी पौर्णिमा. दुसऱ्या दिवशी सीझनची पहिली फेरी. बोट सजवली, पताका लावल्या, सुभद्रावहिनी, म्हणजे बुधाजीची बायको, पूजेला बसली. इंजिनाला हळदकुंकू, जाळ्याला हळदकुंकू, आणि मग... अहो, उघडा लॅपटॉप! बटणांवर कुंकू, अक्षता, झेंडू, आणि वर नारळाचं पाणी. मी ओरडलो, "वहिनी, अहो काय करताय!" तर म्हणते कशी, "असं कसं भावोजी? त्यो पन बोटीचाच ना? त्याला एकट्याला उपाशी ठेवू?"

संपलं. आतून धूर. "भावोजी, त्यो गेला वाटतं!"

आता खरी मजा. खलाशांचा म्होरक्या रामू, तो शांतपणे चादर गुंडाळायला लागला. "शेठ, पिक्चर नाय तर आमी पन नाय. बाजूच्या बोटीवर टीव्ही हाय." बुधाजीचा चेहरा एवढासा झाला हो! खलाशी गेले तर पहिली फेरीच बुडाली. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? बसलो. टूथब्रशने कुंकू काढलं, वहिनीच्या हेअर ड्रायरने नारळपाणी सुकवलं, एकेक अक्षत चिमट्याने वेचली, शेवटी चार्जरची पिन अंगठ्याने जरा तिरकी दाबली आणि... चालू! शिट्ट्या, टाळ्या! अंगठा काढला, बंद. रामूने दाबला, बंद. बुधाजीने दाबला, ठिणगी. मी दाबला, चालू! आणि मी मूर्ख, छाती फुगवून म्हणालो, "याला माझाच हात लागतो!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी लिंबू शोधायला लागलो.

काय सांगू तुम्हाला! आठ दिवस! एक अंगठा पिनेवर, तोंड बोटीबाहेर, आणि मागून रामू, "मास्टर, हलू नका ना, फायटिंग चाललीय!" एकदा मी खरंच आडवा झालो, डोळे पांढरे, बुधाजी किंचाळला, "भावोजी, त्यो गेला वाटतं!" सगळे धावले... लॅपटॉपकडे!

असो. परवा पुन्हा निघायचंय, रजा टाकलीय. काल कौसल्येने मशीनवर बसून छान जाड प्लास्टिकचा रेनकोट शिवला. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या! म्हटलं, जगात कोणाला तरी आपली काळजी आहे. घालायला गेलो तर डोकं जाईना, हात कुठून घालायचे कळेना...

"अहो, फाडाल! तो त्याचा आहे. तुम्ही काय, भिजलात तरी चालता."