आरओचा पहिला चहा

परवा यार, वरोरला समुद्राकाठी मामाकडे आरओ बसवला. मामी गेल्यापासून मामा एकटाच, आणि घरच्या बोअरचं पाणी खारट. फिटर म्हणाला, "पहिली टाकी ओतून द्या, दुसरी प्या." दुसरी भरल्याबरोबर मी जाम खुशीत चहा टाकला.

मामाने एक घोट घेऊन कप खाली ठेवला.

"साखर कमी पडली का?"

"नाय रे, चांगला झालाय."

आणि उठून त्याने चहात चिमूटभर मीठ टाकलं.

"मामा, हे काय करतोयस?"

"तुझ्या मामीला रोज बोलायचो, चहा खारट केलास. ती म्हणायची, जा, त्या समुद्राला सांग. आता हा गोड चहा पिऊन भांडू कोणाशी?"