गारांतून वाचलेली काच

...आणि वर म्हणे, पूर्ण विमा आहे, काळजी कशाला? अहो, विमा पूर्ण असतो, माणूस पूर्ण असतो का? तुम्हाला सांगतो, परवा आमच्या न्यू टाउनमध्ये कालबैशाखीचं, म्हणजे बंगाली वळवाचं, वादळ आलं आणि गारा पडल्या त्या लिंबाएवढ्या... माझ्या मते पेरूएवढ्या, पण गाडी श्रीकांतची, तो लिंबाएवढ्या म्हणतो तर लिंबाएवढ्या. नवीकोरी गाडी, टपावर नि बॉनेटवर खळगेच खळगे, देवी येऊन गेल्यासारखे. काच मात्र शाबूत होती.

श्रीकांत म्हणजे बँकेतला ऑडिटर, पुण्याहून बदलून आलेला, लोकांची खोटी बिलं पकडण्यात केस पांढरे झालेले. काच बघून तेवढंच त्याला हायसं वाटलं. तेवढ्यात त्याची आई, मंदाकिनीबाई, नारळ घेऊन खाली. "काच वाचली रे, दृष्ट काढते आणि नारळ वाढवते."

"आई, चाकापाशी फोड हं."

चाकापाशीच फोडणार होत्या हो, पण गाडीवरून ओवाळताना ओल्या हातातून नारळ सुटला... काय सांगू, आभाळाला जे जमलं नाही ते एका नारळानं केलं. त्या क्षणापर्यंत, लक्षात ठेवा, काच शाबूत होती.

त्याची बायको शकुन कानाशी कुजबुजली, "गारेनं फुटली म्हणायचं. एवढी गाडी गारांनी ठोकली, काचेलाच वेगळा न्याय कशाला?"

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीचे सर्व्हेअर आले, घोषालबाबू. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून गाडीभोवती फिरतायत, एकेक खळगा बोटानं चाचपतायत. श्रीकांत मागे मागे. खोटं पकडलं गेलं तर सगळाच क्लेम जातो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?

"आणि काच, दादा?"

"...गारेनं." आवाज असा निघाला, जणू शेजारचा माणूस बोलला.

घोषालबाबू वाकले. वायपरखालून नारळाच्या शेंडीचा एक धागा काढला, उन्हात धरला, फिरवून बघितला... आणि फुंकर मारून उडवला. "ठीक आहे, निघतो."

सुटलो, असं याला वाटतंय तोच जिन्यावरून मंदाकिनीबाई खोबऱ्याची ताटली घेऊन हजर. दारी आलेला माणूस प्रसादाशिवाय जाईल कसा? "लीजिए, लीजिए. इसीने काच फोडा, लेकिन मीठा कितना है देखो."

आता कुठली गार आणि कुठली काच.

घोषालबाबूंनी तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला. "माशीमा," म्हणजे मावशी हो, "खरंच गोड आहे." मग श्रीकांतकडे वळून हळूच म्हणाले, "दादा, हातातून नारळ निसटला, अपघात झाला, एवढं म्हणाला असतात तर काचही पॉलिसीत बसली असती. आता रेकॉर्डिंगवर गार म्हणून बसलात. काचेचा दावा स्वतःच मागे घ्या, मी खळगे तरी वाचवतो."

म्हणजे बघा, माणूस जन्मात एकदाच खोटं बोलला, आणि त्याचीही गरज नव्हती.